डेव्हनमधलं क्लोव्हेली : समुद्रकाठच्या रानातली सोपी वाट आई-बाबांना जमेल का?

केतकी_ब्रिस्टल

मंडळी, सल्ला हवाय. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आई-बाबा चिपळूणहून येतायत. बाबा चौऱ्याहत्तरचे, पण चालायला लागले की आम्हीच मागे पडतो. आई एकोणसत्तरची. तिचा उजवा गुडघा कुरकुर करतो, तरी सपाटीवर तास-दीड तास मजेत चालते. लंडन, स्टोनहेंज वगैरे मागच्या खेपेला उरकलंय. या वेळी आईची फर्माईश अशी, की झाडं आणि समुद्र एकाच जागी दिसला पाहिजे. बाबांना जुनं गाव बघायचंय, 'राजवाडा नको, माणसं राहतात ते गाव.'

ऑफिसमधल्या एकीनं उत्तर डेव्हनमधलं क्लोव्हेली सुचवलं. तिथे हॉबी ड्राइव्ह म्हणून रानातून जाणारी साधारण पाच किलोमीटरची वाट आहे, खाली समुद्र आणि वाटेच्या टोकाला मध्ययुगीन गाव, असं तिचं वर्णन. ऐकायला झकास वाटतंय. कुणी गेलंय का? वाट खरंच सोपी आहे की इंग्रजांची 'सोपी' आहे? आईला गावात उतरणं-चढणं झेपेल का? आणि गावात शिरायला तिकीट लागतं म्हणे, हे काय प्रकरण आहे?

बोका

तिकीट काढून गावात? आमच्या गावात आलेल्याला चहा पाजतात, वर शहाळंही देतात.

वाचतोय.

चहाबाज

बोक्या, तुझ्या गावात येतं कोण? (गंमत करतोय, हलके घे.)

रानभूल

केतकी, आम्ही बरेचदा गेलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

वाट सोपी आहे, गाव अवघड आहे. बेत आखताना हे धरून चाल.

हॉबी ड्राइव्ह ही पायवाट म्हणून झालेलीच नाही. तिथल्या जहागिरीचे मालक सर जेम्स हॅम्लिन विल्यम्स यांनी 1811 ते 1829 या काळात ती घोडागाडीसाठी बांधून घेतली, स्वतःला आणि पाहुण्यांना रानातून समुद्र बघत फिरता यावं म्हणून. आता घोड्यानं गाडी ओढायची म्हटल्यावर चढ बेतानंच ठेवावा लागतो. त्यामुळे पाच किलोमीटरांत धाप लागेल असा टप्पा येत नाही. रुंदी चांगली, दोघं-तिघं गप्पा मारत शेजारी-शेजारी चालू शकतात. खाली खडी आणि माती, पावसानंतर काही ठिकाणी चिखल.

मजा वळणांत आहे. हा किनारा म्हणजे उभा कडा, आणि त्याला जागोजाग घळी पडलेल्या. वाट प्रत्येक घळीत आत शिरते, दगडी पुलावरून ओढा ओलांडते आणि पुन्हा बाहेर समुद्राच्या अंगाला येते. आत शिरलात की अंधारं, ओलं, पाण्याचा आवाज, दगडी कठड्यावर शेवाळं. बाहेर आलात की एकदम उजेड, वारा आणि खाली झाडांच्या शेंड्यांपलीकडे ब्रिस्टल चॅनल. हवा स्वच्छ असली तर लंडी बेट दिसतं आणि उत्तरेला वेल्सचा किनारा. क्लोव्हेलीच्या अंगाला एक वळण असं आहे, की तिथून खाली अख्खं बंदर दिसतं, दगडी धक्क्याचा बाक आणि त्याच्या कुशीत चार होड्या. लोक तिथे थांबतात ते थांबतातच.

झाडं मुख्यतः ओक, मधूनमधून बीच आणि चेस्टनट. मेच्या सुरुवातीला पानं नुकती फुटलेली असतात, उजेड अजून जमिनीपर्यंत पोचतो, म्हणून तेव्हाच खाली ब्लूबेलची निळी फुलं आणि रानलसणीची पांढरी. महिन्याभरात वर छत्र दाटतं आणि खालचं सगळं संपतं. तू नेमक्या वेळेला चालली आहेस.

आईंसाठी सोपा उपाय म्हणजे पूर्ण वाट करूच नका. गाडी क्लोव्हेलीच्या वरच्या वाहनतळावर लावायची, तिथूनच हॉबीवर निघायचं, मन भरेपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत. दुसरं टोक ए39 रस्त्याला आहे, तिथे गाडी लावून अलीकडे यायचं म्हटलं तर परतीची सोय बघावी लागते.

केतकी_ब्रिस्टल

वा, रानभूल! एवढं तपशीलवार कुणी सांगेल अशी अपेक्षाच नव्हती. गाव अवघड म्हणजे नेमकं किती?

सोनटक्का

मी एक्सेटरला असते आणि पोट गुडघ्यांवरच चालतं (फिजिओथेरपिस्ट आहे), तेव्हा हे माझ्याकडे.

क्लोव्हेलीत एकच मुख्य रस्ता आहे. तो वरून थेट बंदरात उतरतो, सुमारे 400 फूट. उतार इतका उभा, की गाडी जाऊच शकत नाही, रस्ता पूर्णपणे पायी माणसांचा. फरसबंदी समुद्रावरून उचलून आणलेल्या गोट्यांची. गोटे शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेत, आणि मधूनमधून पायऱ्या. कोरड्या दिवशी बरं, ओल्या दिवशी घसरगुंडी.

लोक चढाची धास्ती घेतात, पण दुखरा गुडघा उतरताना जास्त बोलतो. चढताना स्नायू काम करतात, दम लागला की माणूस थांबतो. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्याच्या वाटीमागे दाबला जातो, आणि इथे पाऊल सपाट पडतच नाही. तेव्हा 'खाली उतरून घेऊ, वर गाडीनं येऊ' हा सगळ्यांना सुचणारा बेत तुझ्या आईसाठी उलटा आहे.

हो, गाडी आहे. बंदरावरच्या रेड लायन हॉटेलच्या मागून एक वेगळा रस्ता वर जातो, मोसमात त्यावर पैसे घेऊन लँड रोव्हर धावते. ती तुम्हाला वरून खालीही नेते. आईला तिनंच खाली न्यायचं, धक्क्यावर बसवायचं, आणि तिनंच वर आणायचं. वाटलंच तर गावातला थोडासा भाग खालून वर चढून बघेल, तेवढं गुडघ्याला चालतं. हातात काठी हवी, पण एकच, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे नव्वद टक्के लोक उलटं करतात.

शेवग्याची_शेंग

विरुद्ध हातात? माझ्या सासूबाई गेली कित्येक वर्षं त्याच हातात धरतायत. आता त्यांना सांगणार कोण!

बोका

तूच सांग. आम्ही इथे तुझ्या आठवणी लिहू.

निवांत

माझे दोन आणे. जागा सुंदर आहे, वादच नाही. पण माणशी दहा पाउंडांच्या आसपास मोजायचे आणि मग रस्त्यावर फिरायचं, हे मला पटत नाही. त्यात वाहनतळ, मच्छीमाराचं जुनं घर, एक छोटं संग्रहालय आणि क्लोव्हेली कोर्टची, म्हणजे जहागीरदाराच्या वाड्याची, बाग येते हे मान्य. तरी चौघांचं कुटुंब गेलं की खिसा हलका होतो. त्यापेक्षा किनाऱ्याची राष्ट्रीय पदयात्रा-वाट, साउथ वेस्ट कोस्ट पाथ, गावाच्या डोक्यावरूनच जाते. तिला तिकीट नाही. हॉबीचा बराचसा भाग तिचाच आहे. रान फुकट आहे हो.

रानभूल

निवांत, गावाला सरकारी पैसा नाही, हे लक्षात घ्या. अख्खं गाव खासगी जहागिरीचं आहे. 1738 मध्ये झकारी हॅम्लिन नावाच्या वकिलानं ते कॅरी घराण्याकडून विकत घेतलं आणि तेव्हापासून त्याच वंशाकडे आहे. घरांची डागडुजी, ते गोटे बसवणं, धक्का, सगळं त्यातूनच चालतं. पूर्वी मासळीवर चालायचं, आता तुमच्या-आमच्यावर.

लाल_माती

थांबा थांबा. पावणेतीनशेच्या वर वर्षं अख्खं गाव एका घराण्याचं, आणि गावकरी सगळे भाडेकरू? ही तर खोती झाली!

आमच्या आजीकडून ऐकलेलं, अर्धेलीनं भात घालायचं, सणावाराला वेठीला जायचं, आणि घराखालची जमीनसुद्धा आपली नाही. अशा गावात 'किती छान जपलंय' म्हणत फोटो काढणं मला तरी अवघड जाईल.

खडूस_आजोबा

लाल माती, तुलना तपासून करावी. कोकणातला खोत हा मुळात सरकार आणि कुळ यांच्यातला सारा गोळा करणारा. मालकी नंतर त्याच्या हातात घट्ट होत गेली. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि प्रत्यक्षात कायदा झाला तो 1949 चा. क्लोव्हेलीचा मालक सरळसरळ जमीनमालक आहे, भाडं घेतो, वेठ घेत नाही.

आता मूळ धाग्याकडे. 'मध्ययुगीन गाव' हे जाहिरातीतलं बोलणं आहे. वस्ती जुनी आहे खरी, 1086 च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या राजानं करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदीत, हे गाव आहे. वरच्या ऑल सेंट्स चर्चची नागमोडी नक्षीची कमान नॉर्मन काळातली आहे. पण ज्या घरांचे फोटो कॅलेंडरवर छापतात ती बहुतेक त्यानंतरची. दगडी धक्का जॉर्ज कॅरीनं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला, म्हणजे इंग्लंडात मध्ययुग संपल्यावर. आणि ज्या नीटनेटक्या रूपाला आपण भुलतो ते क्रिस्टीन हॅम्लिन या बाईंचं काम. 1884 पासून 1936 पर्यंत जहागीर त्यांच्या हातात होती. त्यांनी एकेक घर दुरुस्त करून घेतलं आणि भिंतीवर आपली आद्याक्षरं आणि साल कोरून ठेवलं. केतकीच्या बाबांना ती आद्याक्षरं शोधायला सांगा, म्हातारा माणूस रमेल. (मी स्वतः अठ्ठ्याहत्तर, तेव्हा म्हणायचा हक्क आहे.)

आगरकोटकर

आजोबा, अनुमोदन! मध्ययुगीन गाव बघायचं तर अलिबागजवळच्या आमच्या चौलला या. अरब प्रवासी अल-मसुदी दहाव्या शतकात येऊन गेला, रशियन व्यापारी अफनासी निकितिन 1469 मध्ये इथेच उतरला, 1508 मध्ये इथल्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांची आणि इजिप्त-गुजरातच्या आरमाराची लढाई झाली. तिकीट शून्य. रामेश्वराच्या पुष्करणीवर बसा, मग वाड्यांमधून नारळी-पोफळीच्या सावलीत रेवदंड्याच्या कोटापर्यंत चाला. समुद्र आहे, झाडं आहेत, जुनं गाव आहे. आणि चौलमध्ये गुडघ्याला काही होत नाही, फक्त दत्ताच्या डोंगरावर जायचं नाही.

चहाबाज

चिपळूणच्या माणसाला ब्रिस्टलहून चौलला कशाला पाठवताय? तो रविवारी एसटीनं जाईल की.

आगरकोटकर

जाईल हो, पण गेलाय का ते विचारा! आपल्याकडे जवळचं बघायचं राहूनच जातं. चौलपासून पुढे मुरूडच्या वाटेवर फणसाड अभयारण्य आहे, जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 मध्ये अभयारण्य झालं. दाट जंगल आणि शेकरू. गारंबीच्या वेली झाडांवर चढलेल्या, शेंगा हातभर लांब. पहाटे गेलात आणि वाटाड्या बरोबर घेतला तर तिथेही सोपी चाल आहे. हा धागा विलायतेचा आहे, कबूल, म्हणून थांबतो.

केतकी_ब्रिस्टल

आगरकोटकर, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले चौलला ते 1971 मध्ये मित्राच्या लग्नाला गेले होते आणि पुष्करणी सोडून बाकी सगळं पंगतीतलंच आठवतंय. :)

सोनटक्का

लाल मातीच्या मुद्द्यावर थोडं. मलाही आधी ते तसंच खुपायचं. पण आता या किनाऱ्यावर बरीच वर्षं राहून मत थोडं हललंय.

डेव्हन-कॉर्नवॉलमधली अनेक सुंदर मासेमारीची गावं बाहेरच्यांनी सुट्टीची घरं म्हणून विकत घेतलीत. जानेवारीत संध्याकाळी गेलात तर खिडक्यांत दिवे नाहीत. स्थानिक पोरांना तिथे घर घेणं शक्यच नाही. क्लोव्हेलीत घर विकलंच जात नाही, भाड्यानं मिळतं, आणि तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यालाच मिळतं. म्हणून जेमतेम चारेकशे वस्तीच्या त्या गावात हिवाळ्यातही धूर निघतो, रस्त्यात मुलं दिसतात. एकाच मालकाची मेहेरबानी ही चांगली व्यवस्था नाही, हे मान्य. पण बाजारावर सोडलेलं शेजारचं गाव बघितलं की वाद एवढा सरळ राहत नाही.

लाल_माती

हम्म. बंद घरांचं म्हणाल तर आमच्या वाडीत गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपंच. कुळकायद्यानं जमीन मिळाली, आणि मिळालेली जमीन कसायला माणूस उरला नाही. तरीही, मालक उद्या बदलला तर त्या चारशे जणांचं काय, हा प्रश्न उरतोच. मेहेरबानी वारसाहक्कानं मिळते, शहाणपण मिळतंच असं नाही.

रानभूल

याला माझ्याकडे उत्तर नाही. बाबांना मात्र तिथे 'माणसं राहतात ते गाव' नक्की दिसेल. प्रत्येक दाराशी एक लाकडी घसरगाडी टेकवलेली असते. वाणसामान, सिलिंडर, फ्रिज, सोफा, सगळं वरून त्या घसरगाडीवर ठेवून दोरीनं आवरत खाली आणतात. चाकं नसतात, खाली नुसत्या पट्ट्या. कचराही वर चढवत नाहीत, तो खाली बंदरात नेतात आणि मागच्या रस्त्यानं जातो. एकदा एक मुलगा दुधाचे क्रेट आणि त्यावर एक भलामोठा टीव्ही घेऊन उतरत होता. टाचा गोट्यांच्या फटींत रोवत, अंग मागे झुकवून, शिट्टी वाजवत. आम्ही भिंतीला चिकटून उभे.

पूर्वी हे काम गाढवं करायची, हेरिंग वर आणायची आणि सामान खाली. गाढवं अजून आहेत, पण आता त्यांचं काम मुख्यतः पोरांकडून कौतुक करून घेणं.

बोका

पुढचा जन्म ठरला.

आगरकोटकर

हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची लांबची बहीण ना? मिळते का अजून?

रानभूल

थोडी. एके काळी गाव त्यावरच जगत होतं. आता नोव्हेंबरात हेरिंगचा उत्सव भरतो, धक्क्यावर ताजी भाजून देतात. काटे तारलीसारखेच, बायकोनं कोकणी सफाईनं खाल्ली आणि शेजारचे इंग्रज बघत राहिले.

मावळतीकडे

पर्याय सुचवू का? सॉमरसेटमधलं पोरलॉक वेअर. तिथून कल्बोनच्या चर्चपर्यंत ओकच्या रानातून साधारण तीन किलोमीटरची वाट जाते, समुद्र सतत उजव्या हाताला. चर्च एवढं छोटं, की तीसेक माणसं बसली की भरलं. तिथे मोटाररस्ता जात नाही, चालतच जायचं. खऱ्या अर्थानं मध्ययुगीन, आजोबाही कुरकुरणार नाहीत. आणि ब्रिस्टलहून बरंच जवळ.

शिवाय धाग्यावरच्या संगणकवाल्यांसाठी : वाटेच्या सुरुवातीला ॲशली कूंब ही एडा लव्हलेस यांच्या सासरची जागा. घर आता नाही, पण तिच्या नवऱ्यानं बांधलेल्या भुयारांचे आणि गच्च्यांचे अवशेष रानात दिसतात.

चहाबाज

म्हणजे पहिली प्रोग्रामर आणि तिच्या घराखाली भुयारं. डेडलाइन आली की पळायला.

सोनटक्का

मावळतीकडे, वाट अप्रतिम आहे, पण चढ आहे. आणि तो भाग कोसळत असल्यानं वाट मधूनमधून वळवतात, तेव्हा आणखी वर चढावं लागतं. केतकीच्या आईसाठी नको, बाबांसाठी हो. 'सोपी' या एका अटीवर हॉबी ड्राइव्हला तोड नाही.

निवांत

बाबांसाठी क्लोव्हेलीतच दुसरी बाजूही आहे की. गावापासून पश्चिमेला माउथ मिलपर्यंत तीनेक किलोमीटर. मध्ये एंजल्स विंग्ज नावाची कोरीव लाकडी छपरी लागते, मग गॅलंट्री बॉवरचा कडा, आणि शेवटी उतरून दगडगोट्यांचा किनारा. समुद्रात ब्लॅकचर्च रॉक म्हणून एक सुळका, आरपार दोन खिडक्या पडलेला. तिथे एक जुनी चुनाभट्टीही आहे. चुनखडी आणि कोळसा, दोन्ही वेल्सहून गलबतानं यायचं, किनाऱ्यावरच भाजायचे आणि चुना डेव्हनच्या आंबट मातीत टाकायचे. म्हणून या किनाऱ्यावर प्रत्येक कोनाड्यात भट्टी दिसते. याही वाटेला तिकीट नाही, हे सांगायला मला विशेष आनंद होतोय.

गावठी_लसूण

रानलसणीचा उल्लेख वाचून धावत आले. मेमध्ये आमच्याकडे याच पाल्याची थालीपिठं असतात. मेथीऐवजी बारीक चिरून भाजणीत, वर पांढरं लोणी. चटणीपण होते, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून, फक्त लसूण वेगळी घालायची नाही.

पण क्लोव्हेलीत तोडू नका. हॉबीपासून पेपरकूंबपर्यंतचं हे किनारी रान संरक्षित आहे. तिथले ओक समुद्रवाऱ्यानं खुरटलेले असतात, आणि पावसाळी दमट हवेमुळे त्यांच्यावर दगडफुलांच्या कितीतरी जाती वाढतात. तिथे नुसता वास घ्या. पाला घराजवळच्या ओढ्याकाठी भरपूर मिळतो.

तोडताना एक जपा. रानलसणीच्या गचपणातच अरमची पानं उगवतात, तिथे तिला लॉर्ड्स अँड लेडीज म्हणतात. ती विषारी असते, तोंडात घातली तर जीभ-घसा भाजल्यासारखा होतो. कोवळेपणी दोन्ही दिसायला जवळची. आपल्या सुरणाच्याच कुळातली आहे, खाज ती तीच. मूठभर ओरबाडायचं नाही, पान-पान बघून घ्यायचं. नुसत्या वासावर जाऊ नका, कारण एकदा हाताला लसणीचा वास लागला की सगळंच लसूण वाटतं.

शेवग्याची_शेंग

रानात उघड्या पायांनी फिरू नका हेही लिहा. गोचिडी असतात. पँट मोज्यात खोचायची, दिसायचं तसं दिसू दे. घरी आलं की गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघायचं. चावलेली सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेलबिल लावायचं नाही. नंतर महिनाभरात गोल पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरकडे.

खडूस_आजोबा

उपयुक्त माहिती. जाता जाता, या धाग्यावर क्रीम टीचा विषय अजून कसा निघाला नाही?

बोका

आजोबांनी तोंड उघडलं आणि पाच वाजले.

सोनटक्का

काढतेच. क्रीम टी म्हणजे चहा आणि सोबत साय-जॅम लावलेला स्कोन (छोटा, पावासारखा केक). डेव्हनमध्ये स्कोनवर आधी घट्ट साय, मग जॅम. सीमा ओलांडून कॉर्नवॉलला गेलात की आधी जॅम, मग साय. दोघंही आपापल्या जागी प्राणपणानं भांडतात. क्लोव्हेली डेव्हनमध्ये आहे, तेव्हा तिथे जॅम आधी लावलंत तर वाढणारी बाई काही बोलणार नाही, पण बघेल.

लाल_माती

आमच्याकडे मोदक फोडून तूप घालायचं की तूप घालून फोडायचा यावर दोन भाऊ वेगळे झाले. समजू शकतो.

केतकी_ब्रिस्टल

किती किती धन्यवाद सगळ्यांना! आईनं सगळा धागा वाचला. गोचिडीचा प्रतिसाद वाचून थोडी दचकली, थालीपिठाच्या प्रतिसादानं सावरली.

बेत असा ठरतोय. सकाळी लवकर निघायचं, एम5 वरून 27 व्या जंक्शनला बाहेर पडून बार्नस्टेपलमार्गे. अडीच-पावणेतीन तास धरतेय. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. आधी सगळे मिळून हॉबीवर, पहिले दोन-तीन दगडी पूल होईपर्यंत, मग परत. आई आणि मी लँड रोव्हरनं खाली, बाबा आणि नवरा गोट्यांवरून आद्याक्षरं शोधत पायी. धक्क्यावर भेट. लाल मातीचा खोतीचा मुद्दा बाबांना इतका पटलाय, की ते तिथे कुणाशी तरी बोलायचंच म्हणतायत. इंग्रजी कमी पडलं तर काय होईल देव जाणे.

पाऊस आला तर?

रानभूल

तिथले लोक म्हणतात, लंडी दिसलं तर पाऊस येणार आहे आणि नाही दिसलं तर आलेला आहे. रिमझिम असेल तर हॉबी उलट छान, झाडांखाली फारसं भिजायला होत नाही. पण ओल्या दिवशी त्या गोट्यांवर बाबांनाही उतरू देऊ नकोस, तेही गाडीनं. जोराचा वारा सुटला असेल तर रानात जायचंच नाही, जुनी झाडं आहेत, फांद्या पडतात. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी वाट सुरू आहे ना ते बघून घे. दरड किंवा झाडकाम असलं की काही भाग बंद ठेवतात.

सोनटक्का

लँड रोव्हर सुरू आहे का आणि शेवटची कितीला, हे तिकीट घेतानाच विचारायचं. खाली पोचून विचारायचं नाही. शेवटची गेली की वर यायला एकच रस्ता.

शेवग्याची_शेंग

काठीचं सासूबाईंना सांगितलं. "तुला आजच कळलं होय?" म्हणाल्या, आणि त्याच हातात धरून बाजारात गेल्या.

मोरपंखी

आत्ता पाहिला धागा. आम्हाला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी आहे, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. हाच बेत तेव्हा चालेल का?

रानभूल

चालेल, फक्त रान वेगळं असेल. फुलं नाहीत, पण बीचची पानं तांबूस झालेली आणि चेस्टनटची फळं वाटेवर सांडलेली. काटेरी कवच बुटानं दाबून उघडायचं, हातानं नको. खाण्याचं चेस्टनट आणि विषारी हॉर्स चेस्टनट यांत मुलं गोंधळतात. खाण्याच्याचे काटे दाट आणि केसांसारखे बारीक, दुसऱ्याचे विरळ आणि जाड. इंग्लंडात फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी असतो, तेव्हा रानात बार ऐकू आले तर घाबरू नका, पण वाट सोडून आत शिरू नका. ऑक्टोबर संपता संपता लँड रोव्हर बंद होते, तेव्हा फोन करूनच जा. तुमच्या मुलांना अर्थात ती लागणार नाही, ती दोन वेळा वरखाली करतील. तुमचं तुम्ही बघा.